बाटलीवर टक्के लिहा

मॅडमनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. बाजारात बैलाचे दात बघायला जबडा धरतात, तसं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. एक बागायतदारीण आणि तिची कॉलेजातली मुलगी.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "न विचारता ॲसिड लावलं की असं होतं. आणि ही आमच्याच सेंटरमध्ये कामाला आहे. मेंढरामागं फिरणारी जात. हिला वाटलं असेल, आपलं कातडं जाड आहे."

मुलगी हसली. आई हसली नाही, पण तिनं पदर नाकाला लावला. माझ्या डाव्या गालाची साल निघाली होती. खाली लाल, ओलं. कडेनं पिवळी खपली. वास येत होता की नाही, मला आजही माहीत नाही.

मी वीस वर्षांची होते आणि मी गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते. अशा गोष्टी सांगताना माणूस स्वतःला पहिल्याच दिवशी शूर करून टाकतो. मी नव्हते.

बारामतीतलं ते स्किन सेंटर. गाव माझं वालचंदनगरच्या पलीकडं, सकाळच्या एस.टी.नं यायची. फरशी पुसायची, टॉवेल धुवायचे आणि बाटल्या भरायच्या. मोठा कॅन यायचा. त्यावर इंग्रजीत लांबलचक नाव, सॅलिसिलिक ॲसिड, आणि पुढं दोन टक्के. ते मी छोट्या काचेच्या बाटल्यांत ओतायची. बाटलीवर सोनेरी कागद, त्यावर मॅडमचं नाव. बाकी काही नाही. किती टक्के, कधी लावायचं, कुणी लावायचं नाही, काही नाही.

ते मॅडम तोंडानं सांगायच्या. हळू आवाजात, मंत्र दिल्यासारखं. "आठवड्यातून दोनच रात्री. पातळ थर. हे छिद्रांत उतरून आतली घाण मोकळी करतं. वरून मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, विसरायचं नाही." मी पडद्यामागं टॉवेल पिळत ऐकायची. निम्मं ऐकू यायचं.

बारावीपासून माझं तोंड पुटकुळ्यांनी भरलेलं. एक बसली की दुसरी वर. पिकायच्या, ठणकायच्या. एकदा धीर केला. "मॅडम, मला एक बाटली द्याल? पगारातनं कापा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुला गं कशाला? शेणामातीतली तू. राखेनं धू तोंड." बाकीच्या मुली खो खो हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

आबा, म्हणजे माझे वडील. अर्धं आयुष्य मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालले. मग कळप विकला, दीड एकरात ऊस केला. पण तळपायाच्या भोवऱ्या राहिल्या. घट्ट, खड्यासारख्या. त्यासाठी मेडिकलमधून आणलेली एक बाटली कोनाड्यात असायची. एक दिवस दिवा लावताना ती हातात आली. तेच लांबलचक नाव. अक्षर न् अक्षर तेच. पुढं सोळा टक्के.

मी उड्या मारायचीच बाकी होते. मॅडम जे मंत्र म्हणून विकत होत्या, ते आमच्या कोनाड्यात पडलं होतं. आणि आकडाही मोठा.

सोळा म्हणजे दोनापेक्षा चांगलंच, असं मला वाटलं. का वाटणार नाही? आमच्याकडं औषध असंच मोजतात. उसात तणनाशक मारताना आबा पंपात अर्धं टोपण जास्त टाकायचे. "कंपनीवालं कमीच लिवत्यात," म्हणायचे. सगळं गाव असंच मारतं. दुपारपर्यंत गवत करपलं की माणसं खूश. मीही कापसाचा बोळा भिजवून गालावर फिरवला. आग झाली. म्हटलं, लागू पडतंय. तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी गाल उशीला चिकटला.

आबांनी बघितलं आणि ते खालीच बसले. "पायाचं गं त्ये," एवढंच म्हणाले. दोन दिवस माझ्याकडं बघत नव्हते.

तरी मी कामाला गेले. न जाऊन चालणार नव्हतं. काय लावलं ते मॅडमनी विचारलं, मी खरं सांगितलं. मग ते हनुवटी धरणं झालं.

मॅडमना त्यातून कल्पना सुचली. माझ्या तोंडाचा फोटो काढायचा, मोठा करून दाराशी लावायचा. 'आमच्याकडं येण्याआधी' म्हणून. "फोटो दे, मग तुला फुकटात बरी करते," म्हणाल्या. मी व्हय म्हटलं नाही, न्हाय म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात नवा कॅन आला. मी भरायला घेतला. नाव तेच. पुढं दहा.

"मॅडम, ह्याच्यावर दहा हाय."

"असू दे. गुण लवकर येतो. गिऱ्हाईक खूश राहतं. तू भर."

मी भरल्या. वीसेक बाटल्या भरल्या. भरता भरता हात थांबला. हे तर आमच्या पंपातलं अर्धं टोपण. मी केलं तर मेंढरामागची जात, मॅडमनी केलं तर धंदा. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला मला गाल घालवावा लागला. रागानं माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ती बागायतदारीण मुलीला घेऊन परत आली. मॅडमनी नवी बाटली मुलीच्या हातात दिली. तेच हळू आवाजातलं बोलणं. दोन रात्री, पातळ थर. मग मला हाक मारली. "ये, भिंतीला उभी राहा. मान वर." मोबाईल माझ्या तोंडासमोर आला.

मी मोबाईलवर हात ठेवला.

"फोटो न्हाय काढायचा."

"काय?"

मी मुलीकडं वळले. "ताई, ती बाटली लावू नका. कॅनवर दहा लिवलंय. मीच भरलीया."

मॅडमचा आवाज चढला. "तुला काय कळतं गं त्यातलं? अडाणी कुठली!"

"मी सोळा लावलं तर माझी जात काढली. तुमी दहा इकताय. आता तुमचं काय काढू?"

मुलीनं बाटली टेबलावर ठेवली, दोन बोटांनी, विंचू ठेवावा तशी. मी ती उचलून पिशवीत टाकली आणि बाहेर पडले. उघड्या तोंडानं, ताठ मानेनं गेले असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. ऊन गालाला सुईसारखं टोचत होतं. स्टँडपर्यंत स्कार्फ बांधून, रडत गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "भोवरीची कातडी मेलेली, घट्ट असते. ते औषध तिला सोलायला आहे. गालाला नाही," म्हणाल्या. गाल भरून येईपर्यंत काही लावू दिलं नाही, फक्त साधं मलम. पुढं कधीतरी दोन टक्क्यांचं चालेल, तेही एक रात्र लावून चार दिवस वाट बघायची, म्हणाल्या. पाच मिनिटं लागली त्यांना समजवायला. मॅडमना तेवढीसुद्धा द्यायची नव्हती.

मी औषधांच्या सरकारी कचेरीत तक्रार अर्ज दिला. सोबत बाटली जोडली. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं लिहिलं. बाटलीवर टक्के लिहा, एवढीच मागणी.

महिन्यानं गाडीतून एक पाहुणा आला. मॅडमच्या घरचा. ओसरीवर बसला, चहा प्याला. "आबा, पोरगी लग्नाची झाली. गालावर डाग राहिलाय. मॅडम फुकटात घालवत्याल. अर्ज तेवढा मागं घ्या."

आतून आई म्हणाली, "घे की गं. मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागायचं?"

आबांनी पाय पोटाशी घेतले आणि माझ्याकडं बघितलं. सरळ.

"डाग राहू द्या," मी पाहुण्याला म्हणाले. "अर्जबी राहू द्या."

तो गेला. आई त्यानंतर आठवडाभर नीट बोलली नाही. दोन ठिकाणचे पाहुणे मला बघून गेले, निरोप आला नाही. त्याचं वाईट वाटतं. वाटत नाही असं खोटं कशाला सांगू?

कचेरीत माझे दोन हेलपाटे झालेत. दोन्ही वेळा साहेब जाग्यावर नव्हते. सोमवारी तिसऱ्यांदा जाणार आहे. साहेब नसले तर बाकड्यावर बसणार आहे. ते येईपर्यंत मी उठणार नाही.