वेंगुर्ल्याच्या वखारीतली झोप

माझी आई शेवंताबाई निपाणीच्या वखारीत सव्वीस वर्षं तंबाखू चाळत होती. नाकातोंडाला फडकं बांधायचं, खोकायचं, परत चाळायचं. दुपारी झोपलेलं तिला मी कधी बघितलं नाही. रात्रीसुद्धा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा, कारण आडवं झालं की खोकला उसळायचा. हौस म्हणाल तर एकच: "एकदा समुद्र बघायचाय गं." तिच्याबरोबरची मालुबाई गोव्याला जाऊन आलेली, आणि ते सांगून सांगून तिनं अख्ख्या वखारीला वैताग आणला होता.

चौऱ्याऐंशी साली मला बेळगावात खासबागेतल्या शाळेत नोकरी लागली. पहिल्याच सुट्टीत आईला वेंगुर्ल्याला न्यायचं ठरवलं. जुनं बंदर, दीपगृह, समुद्र, सगळं एका दिवसात. कुठं किती वेळ थांबायचं ते वहीत लिहून ठेवलेलं. मास्तरीणच मी, दुसरं काय सुचणार!

आंबोलीच्या घाटात एवढी झाडी, पण बघायची सोडून आई दोनदा ओकली. वेंगुर्ल्यात उतरलो तेव्हा बारा वाजून गेलेले. परतीची शेवटची गाडी चारला. दुसऱ्या दिवशी मला शाळा, तिला काम. वहीत पहिलं ठिकाण होतं डच लोकांची तीनशे वर्षांपूर्वीची वखार. आई दारातच थबकली.

"काय म्हणालीस? वखार?"

"व्हय. इतिहासातली हाय, आये."

"अगं भवाने, वखार बघायला मला एवढ्या लांब आणलीस व्हय?"

मला हसू फुटलं. ती काही हसली नाही. आत एका दालनाचं छप्पर पडलेलं, भिंतीत पिंपळ उगवलेला, वर मोकळं आभाळ, आणि समुद्राकडून वारा येत होता. आई खाली बसली. "पाच मिनिटं टेकते गं, मग जाऊ समुद्रावर," म्हणाली, आणि पदराची घडी डोक्याखाली घेऊन चक्क आडवी झाली.

पाच मिनिटांनी उठवायला गेले तर गाढ झोपलेली. तोंड उघडं आणि खोकला नाही. एकदासुद्धा नाही. एक वाजला, दोन वाजले. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. उठवायला तीनदा वाकले, तीनदा मागं सरले. रागही येत होता, खोटं कशाला बोलू. झोपायला हीच जागा सापडली हिला? शेवटी साडेतीनला हलवलं.

"समुद्र?" डोळे चोळत तिनं विचारलं.

"गाडी चुकंल, आये."

पदर झटकून ती माझ्याबरोबर निघाली. सावंतवाडीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाईनं जन्मात एकच गोष्ट मागितली, तीही मला धड देता आली नाही. माझं मलाच खात होतं.

पंधरा दिवसांनी निपाणीला गेले. दुपारी तिचा डबा घेऊन वखारीत पोचले, तर मालुबाई तिला विचारत होती, "शेवंते, बघितलास न्हवं समुद्र? कसा हाय, सांग की."

मी डबा घेऊन दारातच थांबले.

आईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "लई झ्याक. वर छप्पर न्हाय. गार वारा येतोय. अंग टाकलं तरी खोकला येत न्हाय बघ."

"आन पाणी गं?"

"पाण्याकडं कोण बघतंय? झोपले की मी," आई म्हणाली, आणि फडकं बांधून परत चाळायला लागली.