कागदांच्या पिशवीतली सीडी

आज पिशवी उघडताच कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला आणि कागदांखाली ती सीडी सापडली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरच्या आमच्या घरात सातबारा, रेशनकार्ड असं सगळं, पळताना हाताशी यावं म्हणून, याच पिशवीत दाराजवळ टांगलेलं असायचं.

घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरची सिस्टीम उडाली, तेव्हा याच सीडीवरच्या बॅकअपमधून मी ती परत टाकत होतो. आई शेजारी बसून पडद्यावर सरकणारी निळी पट्टी निरखत होती.

"समदं व्हतं तसं येतंय?"

"व्हय. सीडी केली त्या दिवशी व्हतं तसं."

"पण कंच्या दिवशी करून ठिवावी, हे कसं कळतंय?"

"दर महिन्याला करायची," मी हसत म्हणालो. काम झाल्यावर तिनं सीडी पदरानं पुसून पिशवीत ठेवली.

भूकंपात पडलेल्या घराचा आमच्याकडं एकही फोटो नाही, हे माझ्या ध्यानात आज आलं.