कार्बोरेटरवाली सवत

नांदेडात आमच्या दारात जुनी गाडी आली तेव्हा मी चाळिशीची होते, अक्कल मात्र चार वर्षांच्या पोरीची. दर रविवारी आमचे हे बॉनेट उघडून कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसायचे, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण जमेपर्यंत. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे अन् म्हणायचे, “बघ, काय गोड बोलून राहिली!” माझं बोलणं ऐकताना त्यांनी डोळे मिटले, तर लगेच घोरायला लागायचे.

एका रविवारी लातूरला माझ्या माहेरी जायचं होतं. हे अंघोळीला गेले अन् मी तो स्क्रू पार आत आवळून टाकला. म्हटलं, खाऊ दे सवतीला शिव्या. गाडी सुरू झाली, खोकली, बंद पडली. पण चिडतील तर ते हे कसले! टपावरून हात फिरवत तिलाच म्हणाले, “रुसलीस का गं?” दिवसभर तिचा रुसवा काढला. माझं माहेर राहिलं, अन् माझा रुसवा कुणी विचारला नाही.

आता त्यांना कमी ऐकू येतं. स्क्रू ते फिरवतात, कान माझे लागतात. परवा इंजिन सुरात आलं तरी मी गप्पच.

“काय म्हणून राहिली गं ती?” त्यांनी ओरडून विचारलं.

“म्हणती, हिला लातूरला कधी नेता?”

त्यांनी बॉनेट लावलं. “चल, बस. मी अंघोळ करून येतो. तेवढ्यात पुन्हा स्क्रू आवळू नको म्हणजे झालं.”