सुनेच्या हातचं तिखट

अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात वांगी-मिरच्या विकण्यात माझा जन्म गेला. घशाशी आंबट येणं आणि छातीत जळजळणं हे दुखणं मागे लागलं, तेव्हा त्याचं सगळं खापर मी सुनेच्या डोक्यावर फोडलं.

आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. काय असेल ते माझ्या बायकोमार्फत. मी ताटावर बसून बोलायचो, ती आतून ऐकायची. उलट उत्तर यायची सोयच नव्हती, आणि त्याचा मी भरपूर फायदा घेतला. एकदा तर तिचे वडील शेजारी जेवायला बसलेले असताना मी ताट सरकवलं. "व्याही, तुमच्या पोरीनं माह्या पोटात जाळ लावला," म्हणालो. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी करू लागली. जळजळ होती तशीच राहिली, आणि माझं तोंडही.

शेवटी मुलानं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "जठराच्या तोंडाशी झडप असते, ती ढिली झालीय. भाजीच्या तिखटानं ती ढिली होत नसते. जेवल्यावर काय करता?"

 उत्तर मुलानंच दिलं, "गळ्यापर्यंत जेवते, तंबाखूचा खर्रा खाते अन् आडवे होते."

पोटावर चिरा न देता, तोंडावाटेच आत जाऊन, जठराच्या वरच्या भागाला घडी घालून ती झडप त्यांनी नीट केली. परत येताना मी मुलाला हळूच म्हणालो, "ते तिखटाचं घरी नोको सांगू." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. पोटच्या पोरासमोर इतका भेकडपणा केला, याची आजही लाज वाटते.

पंधरा दिवस फक्त पातळ घ्यायचं होतं. सून मुगाचं पाणी, भाताची पेज गाळून, कोमट करून पाठवायची. एक घोट कमी-जास्त नाही. चौथ्या दिवशी मला राहवेना. बायकोला म्हणालो, "तिले सांग, माही चूक होती."

"नावं ठेवली तं सोताच्या तोंडानं. मंग हे माह्या तोंडानं काहून?" बायको म्हणाली आणि उठून अंगणात गेली.

म्हणून वाटी घेऊन त्या दिवशी सूनच आली. माझा घसा अजून बसलेलाच होता. कसंबसं म्हणालो, "पोरी, तुह्या हाताचा काई दोष नोयता. माहंच चुकलं."

ती डोक्यावरचा पदर सावरत दारात थांबली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"मामाजी, माहेरी गेली का बाबा भाजी मांगते माह्या हातची. मी करत नाई. त्यायच्याबी पोटाले काई झालं तं, असं भेव वाटते."

मला मान वर करवेना.