त्र्याऐंशी अंशांची हद्द

लग्नांच्या फिल्मा जोडायला मी शिरूरच्या बाजारात पत्र्याची खोली घेतली, तेव्हा दिवाळीआधीच्या उन्हाचा विचारच केला नव्हता. दार उघडलं की धूळ थेट कॉम्प्युटरच्या पोटात, म्हणून दार बंद. आत मी आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा, दोघंही धापा टाकत. जीव गुदमरायचा, पण उठायची सोय नव्हती.

त्या सकाळी एक नवी नवरी आली. उन्हाळ्यातल्या तिच्या लग्नाची फिल्म माझ्या आळसामुळे रखडली होती. आमच्याकडे ऊसतोडीच्या मजुरीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. लग्न झालं की पोरगी अर्धा कोयता. दुपारी त्यांची गाडी तोडीला निघणार होती. तिने पदराच्या गाठीतून मेमरी कार्ड काढलं.

"दादा, ह्यात भरून द्या. आई कालच दुसऱ्या गाडीनं गेली. सा महिने तिचं त्वांड दिसायचं न्हाई."

"बस, दुपारपर्यंत होतंय," मी म्हणालो. ती उंबऱ्याशी बसली.

ग्राफिक्स कार्डाचा वेग मी आधीच ठरल्यापेक्षा वाढवून ठेवला होता. तरी त्र्याऐंशी अंश झाले की ते आपलं आपण हळू व्हायचं. मला तो कामचुकारपणा वाटला. स्वतःच्या आळसाचा राग त्याच्यावर काढत मी तापमानाची मर्यादा थेट नव्वदवर नेली. काम पळायला लागलं. मी तिला ऐटीत म्हणालोसुद्धा, "बघ, आता कसं पळतंय."

तासाभरात जळका वास आला आणि पडदा काळा झाला. बंद करून पुन्हा चालू केलं. काळाच. ती मर्यादा कार्ड वाचवायलाच असते, हे इतरांना शिकवणारा मीच होतो. अतिशहाणपणा अंगलट आला, आणि लाज वाटली ती तिच्यासमोर.

"तापून बंद पडलं," मी पुटपुटलो आणि मेमरी कार्ड रिकामंच परत दिलं. ती रडली असती, भांडली असती तरी चाललं असतं.

"चालतच हुतं की हळूहळू," ती म्हणाली. "मंग कावून पळवलं त्याला?"

तेवढ्यात रस्त्यावरून मुकादम ओरडला, "ए पोरी, चल लवकर! तुझ्यापायी गाडी थांबलीय!"

तिने मेमरी कार्ड पदरात बांधलं आणि उन्हात पळत सुटली.