बयामावशींचा सातवा रकाना

आमच्याकडे दूध घालणाऱ्या बयाबाई वळिवड्याच्या. मी त्यांना मावशी म्हणते आणि त्यांच्याच तोंडावर त्यांची नक्कल करते. एखाद्या सकाळी केली नाही तर त्याच विचारतात, "का गं मीनाक्षे, आज मी मेली व्हय?"

पण त्यांची पुरती नक्कल मला अजून जमलेली नाही, कारण त्या दोन भाषांत बोलतात. लढाईच्या काळात वळिवड्याला पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती. सगळ्या बायका आणि पोरंबाळं. मावशी तिथं दुधाच्या कासंड्या घेऊन जायच्या. पोलिश भाषेत दुधाला म्लेको म्हणतात आणि बाईमाणसाला मानानं पानी म्हणतात. मावशी बराकीच्या दारात उभ्या राहून हाळी द्यायच्या, "म्लेको घ्या की वो, पानी." गावातले बाकीचे गवळी म्हणत, बया निदान सांगून तरी विकती.

त्या बायकांतली एक यानिना. छावणीच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा लढाईत कुठं गेला ते कळलंच नाही, आणि नऊ वर्षांचा यूरेक इथं तापानं गेला. त्याला कोल्हापुरातच पुरलं. अठ्ठेचाळीस साली छावणी उठली तेव्हा बाकीच्या बायका आगगाडीत बसल्या. यानिना ट्रंक घेऊन स्टेशनापर्यंत गेली आणि चढलीच नाही. पुढचं मावशी एवढंच सांगतात, "गाडी गेली. ही हुबीच. म्हटलं, चला पानी, च्या टाकती." आणि ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. तेव्हापासून ती यानाबाई झाली.

तेव्हा इथं संस्थान होतं. दरबारच्या कचेरीतून यानाबाईंना राहायला हरकत नसल्याची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर मुदत नव्हती. मावशींनी ती देव्हाऱ्यात जोतिबाच्या टाकाशेजारी ठेवली आणि विषय मिटला असं समजल्या. पण एकोणपन्नासच्या मार्चमध्ये संस्थान मुंबईत विलीन झालं, आणि महिनाभरात पोलीस जमादार हंबीरराव सायकल मारत वळिवड्याला आले.

हंबीररावांचा आवाज म्हणजे रिकाम्या हौदात बादली सोडावी तसा. "बाई, ही चिठ्ठी आता चालायची न्हाय."

"का? उंदरानं कुरतडली न्हाय, काय न्हाय."

"दरबारच ऱ्हायला न्हाय तर चिठ्ठी कुटनं चालंल? परदेशी माणसाला नवा परवाना पायजे. अर्ज करायचा, तुमी घरमालकीण म्हणून हमी द्यायची. न्हायतर ह्यास्नी बोटीनं धाडत्यात."

बोटीनं कुठं धाडतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. यानाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी येतं, फक्त ळ येत नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठं जाऊ? माझा पोरगा इथं झोपला."

माझे वडील दत्तोपंत कचेरीच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. एक पेटी, एक दौत आणि लिंबाची सावली. त्यांना मावशी पंत म्हणतात. वडिलांनी अर्ज लिहिला, हमीपत्राचे सहा रकाने भरले. सातवा रकाना होता, सदर इसम आपल्या घरी किती काळ राहणार. तो हंबीररावांनी मावशींना समक्ष विचारून भरायचा होता.

इथं घोटाळा झाला. हंबीररावांनी लेखणी बुडवली आणि विचारलं, "ह्या किती दिस ऱ्हाणार?"

यानाबाई शेजारच्या बाकावर बसलेल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जमादारांकडे. "जमादार, तुमच्या घरला पावणं येत न्हाईत व्हय?"

"येत्यात की."

"मग पावण्याम्होरं असं इचारतासा? किती दिस ऱ्हाणार म्हणून?"

हंबीरराव शिरोळकडचे. अंगावर खाकी असली तरी घरचं वळण सुटत नाही. त्यांनी चक्क यानाबाईंची माफी मागितली, चहा मागवला आणि सातव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाहुण्यांच्या मर्जीवर'. मावशींना ते फार पसंत पडलं. अंगठा उठवून त्या दूध घालायला गेल्या.

तीन आठवड्यांनी कागद मुंबईहून परत आला. सातव्या रकान्यावर तांबड्या शाईची रेघ. मुदत दिवस, महिने किंवा वर्षांत नमूद करावी. पंधरा दिवसांत पूर्तता न झाल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. त्यातले नऊ दिवस कागदाच्या प्रवासातच गेले होते.

त्यावरून झालेली बाचाबाची मात्र मी स्वतः ऐकली. शाळा सुटली होती आणि मी डबा द्यायला लिंबाखाली गेले होते.

वडील म्हणाले, "बयाबाई, आकडा सांगा."

"मी न्हाय सांगायची."

"अहो, नियम आहे."

"नियम असंल मुंबईला. तितं माणसं कुनाच्या घरला जात न्हाईत, म्हणून असलं इचारत्यात."

"आकडा नसेल तर त्यांना जावं लागेल."

"आन् आकडा लिवला तर त्या दिशी जावं लागंल. मीच लिवून द्यू, अमक्या दिशी भाईर हो म्हणून?"

यानाबाई मध्येच म्हणाल्या, "बया, लिही. मला राग नाही येत."

"तू गप बस. तू पावणी हाईस."

वडिलांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि नाकातून एक सूर काढला. हा सूर निघाला की ते कायदा सोडून माणसात येतात. "बयाबाई, तुमच्याकडे पाहुणा आला. चार दिवसांनी उठला, म्हणाला निघतो. तुम्ही काय म्हणता?"

"म्हणायचं काय? ऱ्हावा की आनी चार दिस."

"आणि ते चार दिवस झाले की?"

"परत म्हणायचं. ऱ्हावा की."

"कायमचे राहा, असं पहिल्याच दिवशी म्हणता का?"

"छ्या. तसं कोन म्हणतंय. पावनं बिचकंल की."

"सरकारचंही तेच आहे. ते एकदम कायमचं म्हणत नाही. वर्षाचं म्हणतं. वर्ष भरत आलं की आपण जायचं आणि सांगायचं, मुदत संपते आहे. मग सरकार म्हणतं, आणखी वर्षभर राहा. आकडा हाकलण्यासाठी नाही, बयाबाई. पुन्हा आग्रह करण्यासाठी आहे."

मावशींनी डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. मग हळूच विचारलं, "मग पैल्यांदा आपुनच निगतो म्हणाया पायजे?"

"आपणच. आणि मुदत संपायच्या आधी. एक दिवस उलटला तर पाहुणा न सांगता राहिला असं होतं."

"ते वंगाळ," मावशी म्हणाल्या. "लिवा. एक वरीस."

वडिलांनी लिहिलं. मावशींनी अंगठा असा दाबला की कागद फाटतो की काय वाटलं. हंबीररावांनी त्याच दिवशी कागद टपालात टाकला, आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना तो मुंबईत पोचला. परवाना आला, एका वर्षाचा. मावशींनी तो देव्हाऱ्यात न ठेवता दाराच्या आत खिळ्याला लावला, येताजाता तारीख दिसावी म्हणून. त्यांना वाचता येत नाही. तारखेखाली त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं.

त्याच वर्षीच्या थंडीत माझा घसा सुजला. आई काढा देत होती. दूध घालायला आलेल्या मावशींनी माझा आवाज ऐकला आणि कासंडी तिथंच ठेवून यानाबाईंना टांग्यात घालून आणलं. यानाबाईंनी चमच्यानं जीभ दाबून घशात पाहिलं आणि म्हणाल्या, घटसर्प, आत्ता दवाखाना. छावणीत त्या तो ओळखायला शिकल्या होत्या. डॉक्टर नंतर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. आज मी ज्या गळ्यानं साऱ्या गावाच्या नकला करते, तो त्या एका वर्षाच्या आकड्यावर वाचलेला आहे. मावशींना मी हे एकदा सांगायला गेले, तर म्हणाल्या, "मग वाईच कमी बोल की त्यातनं."

आता त्रेपन्न साल चाललंय. दर वर्षी मुदत संपायच्या महिनाभर आधी दोघी कचेरीत येतात. मावशी नवं लुगडं नेसतात, यानाबाई आधी यूरेकच्या थडग्यावर मोगरा ठेवून येतात. यंदा वडिलांचा हात दुखत होता म्हणून रकाने मी भरले. सातव्याशी येऊन थांबले. हंबीररावांची आता पंचाईत होत नाही, तरी ते विचारायचं ते दुसरीकडे बघूनच विचारतात.

यानाबाई ठरल्याप्रमाणे बाकावरून उठल्या, पर्स काखेला लावली आणि म्हणाल्या, "बया, मी निघते आता."

"बस खाली," मावशी म्हणाल्या. "ऱ्हावा की वरीसभर."

मग माझ्याकडे वळून, "लिव गं. आन् तोंड वाकडं करून आमची नक्कल करू नगंस. शाई सांडंल."