एकाच ओळीवर अडकलेला माळी

धारला दरबारच्या कचेरीत कारकून होतो, तेव्हा मी बायबल पाठ करत होतो. हेतू एकच, भर बाजारात पाद्रीसाहेबांना वादात हरवायचं. पुस्तक मागायला मिशनच्या बंगल्यावर जाई, तेव्हा तिथला माळी ओळीखाली मातकट बोट सरकवत वाचत बसलेला दिसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

"कुठवर आलास?" मी एकदा विचारलं.

"वैऱ्यावर प्रीती करायची ती ओळ आहे ना पंत, तिथंच आहे. दोन वर्षं झाली."

वैरी म्हणजे त्याचा थोरला भाऊ. हा ख्रिस्ती झाला तसं भावानं त्याला घराबाहेर काढलं होतं. घरच्या विहिरीवर पाणीसुद्धा भरू देत नव्हता.

त्या साली प्लेग आला. गाव रानात झोपड्या बांधून राहायला गेलं. मीही गेलो, पाठांतराची वही सोबत घेऊन. माळ्याच्या भावाला प्लेगची गाठ आली, तेव्हा त्याच्या घरची माणसंही त्याला सोडून निघाली. माळी मात्र त्या घरात शिरला. पंधरा दिवस त्यानं भावाची घाण काढली, घोटघोट पेज पाजली.

भाऊ वाचला. उठून बसता येताच त्यानं भटजींना बोलावून प्रायश्चित्त घेतलं, कारण बाटलेल्याच्या हातचं पाणी पोटात गेलं होतं.

हे ऐकून मीच संतापलो. "एवढं केलंस, आता तरी पुढची ओळ वाच," मी माळ्याला म्हणालो.

त्यानं मान हलवली. "आजारी होता तोवर सोपं होतं, पंत. आता दादा बरा झालाय."